खराटा पेटला तेव्हा

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, निमगाव केतकीबाहेर बारामती रस्त्यावर असलेल्या हायड्रोजन पंपावर दादासोंच्या हातातला खराटा पेटला.

आग कुणालाच दिसली नाही. वायू भरायच्या दोन नंबरच्या डिस्पेन्सरपासून चार हातांवर, मोकळ्या हवेत, खराट्याच्या काड्या एकदम लाल झाल्या आणि भुरभुर जळून खाली पडल्या. दादासो जागच्या जागी थिजले. हातातली लांब काठी त्यांनी टाकली नाही, मागेही सरले नाहीत. "अनिताबाय," एवढंच ते म्हणाले, आणि तेही इतकं हळू, की अनिता खिडकीत उभी नसती तर तिला ऐकूच आलं नसतं.

ती धावली. भिंतीवरचं लाल बटण तिनं तळहातानं दाबलं. आत खट् खट् करत झडपा बंद झाल्या. बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तो हळूहळू बसत गेला आणि थांबला. आवाज येत होता हे तिला तो थांबल्यावर कळलं.

"मागं या, तात्या. आल्या पावली मागं."

दादासो मागे आले. उजव्या हातावरचे केस करपले होते. बाकी अंगाला काही झालं नव्हतं.

हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही. धूर नाही, वास नाही. माणूस सरळ चालत तिच्यात जातो आणि भाजल्यावर त्याला समजतं. म्हणून या पंपावर दिवसातून चार वेळा कुणीतरी कोरडा खराटा पुढं धरून पाइपांच्या कडेनं फेरी मारायची, अशी रीत अनितानंच घालून दिली होती. मोठ्या ट्रकांना हायड्रोजन भरणारा हा भागातला पहिला पंप. सुरू होऊन आठ महिने झाले होते. खराटा घेऊन फिरणाऱ्या दादासोंना ट्रकवाले हसायचे. "काय तात्या, वारा झाडताय व्हय?" असं विचारायचे.

चौतीस वर्षांची अनिता इथली सुरक्षा अधिकारी. दसऱ्याची चार दिवसांची रजा कळंबला, माहेरी काढून ती आजच कामावर आली होती. सकाळी नऊ वाजता तिनं रोजच्या तपासणीच्या कागदावर सही केली होती. 'सर्व यंत्रणा ठीक.' ती सही खोटी ठरली होती.

कारण सायरन वाजलाच नव्हता.

छताबाहेरच्या खांबावर, अकरा फुटांवर, ज्योत ओळखणारा डिटेक्टर बसवलेला होता. सगळे त्याला डोळा म्हणत. माणसाला न दिसणारी आग त्याला दिसते आणि दिसताक्षणी तो सायरन वाजवतो. त्याला दुसरं कामच नाही. अनितानं मान वर केली.

डोळ्याच्या काचेवर कुंकू फासलं होतं.

२

"मी आधीपासनं सांगत होतो, हा पूजाबिजाचा खेळ इथं नको म्हणून." व्यवस्थापक मानसिंग घाम पुसत म्हणाले. पन्नाशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस. पण आज शर्ट पाठीला चिकटला होता. "खंडेनवमीला यानं दिसंल त्या यंत्राला कुंकू लावलं. डोळ्यालाबी लावलं. झालं. डोळा आंधळा झाला."

"नारळ तुम्हीच फोडला होता, साहेब," अनिता म्हणाली. "ऑफिसात फोटो लावलाय."

मानसिंग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा मॅडम, उद्या तपासणी पथक येतंय. त्यांनी होकार दिला तर इंदापूरपासून पुढं आणखी तीन पंप होणार. नाही दिला तर ह्यालाही कुलूप. दादासोला आज घरी पाठवू. चूक कुणाची ते दिसतंयच. काच पुसा, अहवाल लिहा, विषय मिटवा."

दादासो दाराशी उभे होते. गुडघे दुखत म्हणून चौकटीला टेकून. ते वाद घालतील असं अनिताला वाटलं होतं. त्यांनी उजवा तळहात वर करून त्याच्याकडं पाहिलं, नि डोळ्यांत पाणी आलं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पाठवा मला घरी."

मानसिंगांनी हात पसरले. बघा, अशा अर्थानं.

चूक कबूल झाली म्हणजे भीती संपायला हवी होती. पण पाइपातून वायू का गळत होता, याचं उत्तर कुंकवात नव्हतं. पाइपातला दाब पुरता उतरायला तासभर लागणार होता; तोवर डिस्पेन्सरजवळ जाणं नको. तिनं शिडी मागवली आणि खांबावर चढली.

कुंकू लालभडक होतं. तिनं बोट लावलं. ते कोरडं नव्हतं. बोटाला बुळबुळीत, चिकट लागलं. कुंकू कशात तरी कालवून, चांगलं रगडून लावलेलं होतं.

शिडीवरूनच तिनं आवारभर नजर टाकली. आणखी तीन खांब होते. कॉम्प्रेसरभोवतीचं कुंपण होतं, फाटक होतं. खंडेनवमीला दादासोंनी त्या सगळ्यांना कुंकू लावलं होतं. पण त्यातल्या एकावरही आता लाल रंग नव्हता. छातीच्या उंचीवर हळदीचा पुसट पिवळा डाग तेवढा राहिला होता. शनिवारी रात्रभर पाऊस कोसळला होता. सगळं कुंकू धुऊन गेलं होतं.

मग हे एकच कसं राहिलं?

शिडीची पायरी तिच्या पायाखाली करकरली. तिला एकदम वाटलं, आपण इथं उंचावर उभ्या आहोत आणि खालून कुणीतरी आपल्याकडं बघतंय. तिनं खाली पाहिलं.

नियंत्रण कक्षाच्या दारात पाळीचा अभियंता दिग्विजय उभा होता. तिनं पाहताच तो आत गेला.

३

फाटकाजवळच्या दादासोंच्या खोलीत एक टेबल, पाण्याचा माठ आणि एक लाकडी ट्रे होता. आत येणाऱ्या प्रत्येकानं मोबाईल या ट्रेमध्ये ठेवायचा, असा नियम. पाइपांच्या जवळ ठिणगी नको, साध्या बटणाचीही नको. ट्रेमध्ये चार फोन होते. अनितानं आपला फोन जागेवर आहे एवढं पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"तात्या, डोळ्याला कुंकू तुम्ही लावलं?"

"लावलं असंल."

"असंल म्हणजे?"

"साहेब म्हनत्यात तर लावलं असंल."

"शिडी कोणी धरली?"

दादासोंनी गुडघा चोळला. तीस वर्षं साखर कारखान्याच्या ऊसगव्हाणीत, गाड्यांच्या रांगा लावण्यात गेलेला हा माणूस; गुडघे तिथंच गेले. आज त्यांना दोन पायऱ्या चढायच्या म्हटलं तरी भिंत धरावी लागे.

"पूजा कशी केली तुम्ही, तेवढं सांगा. काय काय लावलं?"

"आता पूजा कशी करत्यात? पाणी शिंपडलं. हळद लावली, वर कुंकू लावलं. अक्षता, फूल."

"हळद सगळ्याला?"

"अनिताबाय, हळदीबिगर कुंकू मी जन्मात लावलं न्हाय. आमची म्हातारी उठून मारंल मला."

"डोळ्यावर हळद नाही," अनिता म्हणाली. "निसतं कुंकू आहे. ते बी पावसानंतर लावलेलं, अकरा फुटांवर. तुम्ही चढला नाही तात्या. मग तुमचं काय चुकलं?"

दादासोंनी तळहात मुठीत झाकून घेतला.

"कुंकवाची डबी कुठं आहे?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला. हळदीची पुडी होती. अक्षतांची वाटी होती. डबी नव्हती.

"हितंच हुती," म्हातारा म्हणाला. आता त्याचा आवाज खराच घाबरलेला होता. "रैवारपतुर हितंच हुती."

"रविवारी काय झालं, तात्या?"

"काय न्हाय." फार पटकन आलं ते उत्तर. "तुमी त्या पोराला इचारा. दिग्विजयला. मी काय सांगू? मी साधा झाडणारा मानूस."

४

नियंत्रण कक्षात दिग्विजय पडद्यासमोर बसला होता. सत्तावीस वर्षांचा, बारामतीचा, कामात हुशार. अनिताला त्याचं कौतुक वाटायचं. त्याच्या मागं भिंतीवर पिवळा दिवा जळत होता. सकाळी तिनं विचारलं होतं, हा का लागलाय? 'काच मळलीय मॅडम, धूळ आहे. शिडी आणून पुसून घेतो,' असं तो म्हणाला होता. चार दिवसांची कामं साचलेली. तिनं मान हलवली होती आणि सही केली होती.

"नोंदवही दे."

त्यानं दिली. तिनं रविवारचं पान काढलं.

'दुपारी ३.५०. डोळ्याची सूचना. सायरन चार सेकंद. कारण: उन्हाची तिरीप. खोटी सूचना.'

'सायं. ५.१०. काच मळल्याची सूचना. पिवळा दिवा.'

खाली दोन्ही ठिकाणी दिग्विजयची सही होती.

अनितानं दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या.

"कळंबला माझ्या आईनं रविवारी मिरच्या वाळत घातल्या होत्या," ती म्हणाली. "आई मोठी चिवट. चारदा बाहेर पसरल्या, चारदा आत घेतल्या. संध्याकाळी मिरच्यांना बुरशी येईल म्हणून रडकुंडीला आली. दिवसभर ऊनच नव्हतं दिग्विजय. इंदापूर काय अन् बारामती काय, सगळीकडं आभाळ. तुला तिरीप कुठून मिळाली?"

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही.

"रिफ्लेक्शन असेल मॅडम. एखाद्या गाडीचे दिवे—"

"पूजा गेल्या बुधवारी झाली. पिवळा दिवा लागला रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी. दादासोंचं कुंकू चार दिवस कुठं थांबलं होतं?" तिनं आपलं बोट त्याच्यापुढं धरलं. नखात अजून लाल होतं. "आणि हे कशात कालवलंय सांगू? पाइपांच्या जोडांतल्या रबरी कड्यांना लावायचं ग्रीस आहे. ते कुलपातल्या कपाटात असतं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडं, ती कळंबला होती. दुसरी तुझ्या कमरेला आहे."

दिग्विजयचा हात आपसूक कमरेकडं गेला.

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. काचा थरथरल्या. दोघंही दचकले.

"तुला आग लागलेली माहीत होती," अनिता म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "रविवारी लागली, सायरन वाजला. मग परत वाजू नये म्हणून तू डोळाच बंद केलास. आणि त्या म्हाताऱ्याला रोज चार वेळा तिथून फिरू दिलंस."

"मी कपलिंग घट्ट केलं होतं मॅडम! दोनदा तपासलं. काल दिवसभर काही नव्हतं, आई शपथ. फक्त बुधवार निघाला असता..." त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "कपलिंग एकदा निसटलं होतं."

अनिता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. भरणीच्या पाइपातलं ते कपलिंग, म्हणजे ओढ बसली की पाइप तुटण्याआधी सुटणारा जोड, एकाच कारणानं निसटतं. नोझल लावलेलं असताना ट्रक चालू लागला, तर.

"कुठली गाडी?" तिनं विचारलं.

दिग्विजयनं वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही आधी बसा," तो म्हणाला.

५

ती बसली नाही.

तो तुटक तुटक सांगत गेला. रविवारी दुपारी दोन नंबरवर एक ट्रक भरत होता. दिग्विजयनं नोझल लावलं आणि घरून फोन आला म्हणून फाटकाकडं गेला. भरणी चालू असताना जागा सोडायची नाही, हा नियम. पाच मिनिटांत मागं वळून बघतो तर ट्रक पुढं सरकलेला, पाइप ताणला जाऊन कपलिंग सुटलेलं, अर्धा पाइप गाडीला लोंबतोय. कपलिंगनं आपलं काम केलं होतं. दोन्ही तोंडं बंद झाली होती. त्या वेळी धोका नव्हता. कंपनीला कळवायचं, नवं कपलिंग मागवायचं, पंधरा दिवस पंप बंद ठेवायचा, एवढंच करायचं होतं.

"पंधरा दिवस," दिग्विजय म्हणाला. "उद्या तपासणी. पंप बंद, कारण मी जागेवर नव्हतो. मला कुणी ठेवलं असतं?"

त्यानं ते परत जोडलं, पान्यानं आवळलं. दाब दिल्याबरोबर ज्योत उठली, सायरन वाजला. आणखी आवळलं. ज्योत गेली. मग संध्याकाळी, दादासो घरी गेल्यावर, त्यानं डबी घेतली. डोळ्याच्या काचेला चिकटपट्टी लावली असती तर कुणीही विचारलं असतं. कुंकवाबद्दल कोण विचारणार?

"आणि गाडी?" अनिता म्हणाली. "गाडीच्या भरणीच्या तोंडाला ओढ बसली असणार. ते तपासलंस?"

"थोडं वाकलं होतं. आतली झडप... नीट बसत होती, बहुतेक."

"बहुतेक?"

"गाडीतला गळतीचा बझर वाजायला लागला. थांबतच नव्हता. म्हणून..." तो थांबला. "फ्यूज काढला."

अशी एक गाडी रस्त्यावर होती. पाठीमागं पूर्ण दाबानं भरलेल्या सहा टाक्या, वाकलेलं तोंड, आणि गळती झाली तर ओरडायला बझर नाही. मोकळ्या रस्त्यावर वायू वर उडून जातो, फारसं बिघडत नाही. पण डोक्यावर बंद पत्रा असला की तो पत्र्याखाली साचतो. कुणाला न दिसता, वास न येता. मग एका ठिणगीची खोटी.

"कुणाची गाडी, दिग्विजय?"

त्यानं खणातून फडक्यात गुंडाळलेलं जुनं नोझल काढलं आणि टेबलावर ठेवलं. नाव घेतलं नाही. नोझलची पकड एका अंगाला वाकली होती. पकडीच्या दातांत काहीतरी अडकलं होतं. अनितानं ते नखानं ओढून बाहेर काढलं.

हिरव्या लोकरीचे चार धागे.

ती लोकर तिच्याच जुन्या स्वेटरची होती. मागच्या महिन्यात तो उसवला, तेव्हा तिची भाची छकुली उरलेलं बंडल घेऊन बसली होती. खंडेनवमीला पप्पाच्या गाडीसाठी गोंडा करायचा म्हणून. तो गोंडा शिवमनं भरणीच्या तोंडाच्या झाकणाला बांधला होता. शिवम, तिचा धाकटा भाऊ. आधी ऊसवाहतुकीच्या ट्रकवर होता. तिनंच शब्द टाकून त्याला इथं आणलं.

आज सकाळी दहा वाजता तो भरायला आला, तेव्हा तिनं खिडकीतून विचारलं होतं, "गोंडा कुठं गेला रे?"

"पडला असंल कुठंतरी, ताई," तो म्हणाला होता. तिच्या डोळ्याला डोळा न देता.

सकाळी दहा पन्नासला तो निघून गेला होता. आता एक वाजून चौदा मिनिटं झाली होती.

तिनं टेबलावरचा फोन ओढला. नंबर पाठ होता. पलीकडं घंटी वाजू लागली, आणि त्याच क्षणी उघड्या खिडकीतून, फाटकाच्या बाजूनं, एका लहान मुलीचा आवाज आला.

"पप्पा, फोन उचला की! पप्पा, फोन उचला की!"

६

दादासो हातात शिवमचा फोन घेऊन धापा टाकत आले. फोन छकुलीच्या आवाजात ओरडतच होता. सकाळी घाईत शिवम तो ट्रेमध्येच विसरून गेला होता.

"म्हनजे त्याच्याकडं फोन न्हाय," दादासो म्हणाले. त्यांनी टेबलावरचं नोझल पाहिलं, हिरवे धागे पाहिले, आणि खाली जमिनीवरच बसले. "अनिताबाय, थाप मी मारली."

"कसली थाप?"

"रैवारी. गाडीमागचं पावसाचं पाणी लोटून काढत हुतो. झालं लोटून. मागं मोकळं झालं. आन् माझा हात गेला." त्यांनी उजवा हात वर केला, करपलेल्या केसांचा. "फळीवर दोन थापा. गव्हाणीत तीस वर्षं तेच केलं. दोन थापा मारल्या की डायवरनं गाडी काढायची. इचारायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय. शिवम बी त्याच रांगेत वाढलाय. थाप पडली आन् त्याचा पाय गेला. त्याला तरी कुठं कळलं नळी लावलीया ते? ही गाडी सुरू हुताना आवाज बी करत न्हाय. मला वाटलं उभीच हाय, तवर ती हाललेली."

"आणि तुम्ही तिघंही गप्प बसला."

"त्यो म्हनला, ताईची मान खाली जाईल. मी म्हनलं, माझ्या थापंनं पोराची रोजी जायाची. पाया पडलो एकमेकांच्या."

अनिताला राग यायला हवा होता. रागाला जागाच नव्हती. तिनं दिग्विजयला बाजूला सारलं आणि पडद्यावर गाड्यांची ठिकाणं उघडली. प्रत्येक ट्रकला एक खूण. शिवमची खूण काटेवाडीच्या अलीकडं होती, भाजीपाला निवडून भरायच्या शेडवर. अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांपासून ती हललेली नव्हती.

"शेड बंदिस्त आहे?" तिनं विचारलं.

उत्तर ठाऊक असूनही तिनं विचारलं होतं. तिघांनाही ते शेड माहीत होतं. वर पत्रा, तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूला दार. नियमाप्रमाणं ट्रक बाहेर, मोकळ्यावर उभा करायचा. पण ऑक्टोबरचं ऊन. दुपारी कुठलाही ड्रायव्हर सावली बघतो.

"अग्निशमनला लाव," ती दिग्विजयला म्हणाली. "बारामतीला. शेडचा पत्ता दे, हायड्रोजन आहे म्हणून सांग."

तोवर तिनं शिवमच्या आजच्या खेपेच्या कागदावरून शेडच्या ऑफिसचा नंबर शोधला. एकदा लावला, घंटी वाजून थांबली. दुसऱ्यांदा, तेच. मानसिंग दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. तिसऱ्यांदा कुणीतरी फोन उचलला.

"हालो? साहेब जेवायला गेल्यात. मी सिंधुबाई बोलतीया."

"सिंधुबाई, तिथं हायड्रोजनची गाडी आलीय का? ड्रायव्हर शिवम?"

"शिवमदादा व्हय? आलाय की मगाच. ऊन लय म्हनून गाडी आत घेतलीया. जेवला आन् क्याबिनीत झोपलाय. गाडी भरायची हाय अजून."

अनितानं डोळे मिटले. "आत आणखी कोण आहे?"

"आमी पंदरा बायका. टोमॅटो निवडतोय. का वो?"

"गाडीजवळ काही आवाज येतोय?"

"व्हय की! बारीक शिट्टीवाणी. आमी म्हनलं टायर बसतंय जनू."

दादासोंनी जमिनीवर बसल्या बसल्या हात जोडले. फोन स्पीकरवर होता. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. दिग्विजय दुसऱ्या फोनवर पत्ता सांगता सांगता अडखळला.

"सिंधुबाई, मी शिवमची बहीण बोलतेय. माझं नीट ऐका, घाबरू नका. कसलंही बटण दाबू नका. पंखा चालू असंल तर चालूच राहू द्या, बंद असंल तर लावू नका. काडी ओढायची नाही, मोबाईल काढायचा नाही. सगळ्या बायकांना बाहेर काढा, लांब बांधाकडं पाठवा. मग शिवमला उठवा आणि सांगा, गाडीला हात लावायचा नाही, तसंच खाली उतरायचं. ध्यानात राहील?"

"अगं बया." मग त्या बाईचा आवाज आला, हललेला पण पक्का. "ऱ्हाईल. फोन ठिवू नगा तुमी."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चपला वाजत गेल्या. लांबून सिंधुबाईचं ओरडणं आलं, "उठा गं, समद्याजनी भाईर! टोमॅटोचं क्यारेट ऱ्हाऊ दे, तशाच चला!" कुणीतरी हसलं, कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि मग बऱ्याच पायांचा एकदम आवाज झाला. तो आवाज लांब लांब जात विरला. अनिता मनातल्या मनात मोजत होती. चौदा बाहेर. आता एकटी सिंधुबाई आत. आता ती गाडीकडं चाललीय.

"बारामतीहून बंब निघाला," दिग्विजय कुजबुजला. "वीस मिनिटं म्हणतायत."

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग थांबला. ट्रकची केबिन उंच असते. खाली उभ्या असलेल्या बाईचा हात खिडकीपर्यंत पोचत नाही. झोपलेल्या माणसाला हाका मारून जाग येत नसेल तर ती काय करणार? भाजीच्या शेडवर रोज गाड्या भरणारी बाई.

अनिताच्या लक्षात आलं. तिनं सगळं सांगितलं होतं. बटण, पंखा, काडी, मोबाईल. हे एक सांगायचं राहिलं होतं.

"सिंधुबाई!" ती फोनमध्ये ओरडली. "सिंधुबाई, थाप नको! हात मारू नका गाडीला!"

पलीकडच्या ऑफिसात फोन टेबलावर पडलेला होता. तिथं कुणीच नव्हतं.

"शिवमदादा!" लांबून हाक आली. "वो शिवमदादा!"

आणि मग, स्पष्ट, एकापाठोपाठ एक, पत्र्यावर दोन थापा.

दादासोंनी आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरला, जणू तो आत्ताच उठला होता.

ऊसगव्हाणीतल्या दहा वर्षांत शिवम झोपेतून असाच उठत आला होता. दोन थापा पडल्या की डोळे उघडायच्या आधी त्याचा हात चावीकडं जायचा; आणि आज चावी फिरवली, की ठिणगी. आणि हायड्रोजनची गाडी सुरू होताना आवाज करत नाही.

घड्याळात एक वाजून सदतीस मिनिटं झाली होती. फोन चालू होता. पलीकडून काहीही ऐकू येत नव्हतं.